साथीचे नियम आणि शेजाराचे बंध

साथीच्या रोगाच्या काळात शासन जे नियम जारी करते ते सर्वांसाठी सारखे असतात. ते पाळले जातात मात्र घराघरांतून व गल्लीगल्लीतून, आणि म्हणूनच ते सर्वत्र सारखे पाळले जात नाहीत. एका वस्तीत जो नियम पोलिसाची काठी न दिसताही पाळला जातो, तोच शेजारच्या वस्तीत काठी दिसूनही मोडला जातो. या फरकाचे कारण पुष्कळदा अज्ञानात शोधले जाते. लोकांना रोगाची माहिती नाही, ती दिली की ते नियम पाळतील, अशी आरोग्यखात्यांची जुनी श्रद्धा आहे. ती सर्वस्वी खोटी नाही. पण माहिती असूनही न पाळणारे आणि माहिती नसूनही काटेकोर पाळणारे असे दोन्ही प्रकारचे लोक प्रत्येक साथीत आढळतात, आणि त्यांचे स्पष्टीकरण या श्रद्धेतून मिळत नाही.

बंगळूरच्या आग्नेय भागातील कोरमंगला या उपनगराचे उदाहरण या दृष्टीने पाहण्यासारखे आहे. मूळचे गाव, त्याभोवतालची शेते व तळी यांवर नगरविकास खात्याने ब्लॉकवार आखलेली ही वसाहत. तिच्या सीमेवर सेंट जॉन्स वैद्यकीय महाविद्यालयासारखी मोठी संस्था आहे. १९९७ च्या राष्ट्रीय क्रीडास्पर्धांसाठी बांधलेले क्रीडाग्राम येथेच आहे. एकविसाव्या शतकात संगणक-व्यवसायातील तरुण मंडळी येथे भाड्याच्या घरांतून राहू लागली. परंतु या रुंद रस्त्यांना लागूनच एजीपुरा, राजेंद्रनगर यांसारख्या दाट वस्त्या आहेत. तेथून सकाळी निघालेल्या बायका फाटकावर नाव नोंदवून समोरच्या इमारतींत धुण्याभांड्यांना जातात. म्हणजे एकाच चौरस मैलात अनेक प्रकारचे शेजार नांदतात. कोठे तीन पिढ्या एकमेकांना ओळखणारी घरे, तर कोठे समोरच्या दाराआडच्या माणसाचे नावही ठाऊक नसलेली.

मार्च २०२० मध्ये कोविडच्या साथीमुळे देशभर टाळेबंदी झाली, तेव्हा या सर्वांना एकच आज्ञा मिळाली: घरात राहा, अंतर ठेवा, तोंड झाका. इमारतींमध्ये ही आज्ञा रहिवाशांच्या संघटनांनी आपल्या हाती घेतली. फाटके बंद झाली, उद्‌वाहनात एका वेळी किती माणसांनी जावे हे ठरले, आणि बंगळुरातील अनेक संकुलांनी शासनाने सांगितले नव्हते तेही केले: घरकामाच्या बायकांना प्रवेश नाकारला. दाट वस्तीत अंतर ठेवणे म्हणजे काय, हाच मुळात प्रश्न होता. पाणी एका नळावर, शौचालय सामाईक आणि खोली एकच. तेथे नियम पाळायचा तर शेजाऱ्यांशी बोलून पाळ्या लावाव्या लागत. नियम पाळण्यासाठी शेजार तुटावा असे शासन सांगत होते. पण या वस्त्यांत तो पाळला जाण्यासाठी शेजार असावाच लागत होता.

या विरोधाभासाचा उलगडा करणारे एक संशोधन २०२१ साली ‘ब्रिटिश जर्नल ऑफ सायकॉलॉजी’ या नियतकालिकात प्रसिद्ध झाले. शंभराहून अधिक देशांतील सहा हजारांवर लोकांना त्यात प्रश्न विचारले होते. अंतर राखणे योग्य आहे असे तुम्हाला वाटते काय, तुम्ही ते राखता काय, आणि तुमच्या निकटची माणसे ते राखतात असे तुम्हाला वाटते काय? उत्तरांची तुलना केल्यावर असे दिसले की, नियम स्वतःला पटलेला असण्यापेक्षाही ‘माझी जवळची माणसे तो पाळतात’ ही समजूत अधिक प्रभावी ठरते. देशबांधवांच्या वागण्याचाही परिणाम होतो, पण तो देशाशी ज्यांचे मन घट्ट बांधलेले आहे त्यांच्यापुरताच. यातील आणखी एक निष्कर्ष सर्वसाधारण समजुतीच्या उलट जाणारा आहे. ज्यांना रोगाचा धोका अधिक, त्यांच्यापैकी मोठा गोतावळा असलेले लोक एकाकी लोकांपेक्षा जास्त काळजी घेत होते. ज्याला सांभाळणारे कोणी आहे, तोच स्वतःला सांभाळतो, असा याचा अर्थ लावता येईल.

हे निष्कर्ष नवे असले तरी त्यांत सांगितलेली गोष्ट नवी नाही. ती आपल्याकडे सव्वाशे वर्षांपूर्वी फार मोठी किंमत देऊन शिकली गेली होती, आणि पुढे बरीचशी विसरलीही गेली.

प्लेगचा धडा

२३ सप्टेंबर १८९६ रोजी मुंबईच्या मांडवी भागात डॉ. अकासिओ व्हिएगश यांनी ग्रंथिक प्लेगचे निदान केले. पुढच्याच महिन्यात नगरपालिकेच्या आयुक्तांनी सक्तीचे आदेश काढले. रोग्याला शोधावे, घरातून उचलून रुग्णालयात न्यावे, घर जंतुनाशकाने धुवावे. वैद्यकशास्त्राच्या तत्कालीन ज्ञानाप्रमाणे यात विपरीत असे काही नव्हते. पण रोग्याला ‘नेणे’ या एका क्रियापदात काय काय तुटत होते याचा विचार आदेश काढणाऱ्यांनी केलेला नव्हता. आजाऱ्याच्या उशाशी बसणे, त्याला आपल्या जातीच्या हातचे पाणी देणे, मरण आलेच तर तोंडात गंगाजल घालणे, ही नातेवाइकांची कर्तव्ये होती. आणि रुग्णालयाच्या फाटकाशी ती संपत होती. रुग्णालयात गेलेला माणूस परत येत नाही, हे तर लोकांना डोळ्यांनी दिसतच होते. २९ ऑक्टोबर १८९६ रोजी सुमारे हजार गिरणी-कामगारांनी आर्थर रोडवरील संसर्गजन्य रोगांच्या रुग्णालयावर हल्ला चढवला. ज्यांनी दगड मारले ते आतल्या रोग्यांचे शत्रू नव्हते, उलट त्यांचेच सोबती होते, ही गोष्ट लक्षात घेतली पाहिजे.

पुण्यात याहून वाईट घडले. ४ फेब्रुवारी १८९७ रोजी साथरोग कायदा संमत झाला. त्याच सुमारास पुण्यासाठी नेमलेल्या प्लेग समितीचे अध्यक्ष वॉल्टर चार्ल्स रँड यांनी घरतपासणीसाठी गोऱ्या शिपायांच्या तुकड्या लावल्या. शिपाई माजघरात शिरत, देवघरापर्यंत जात, सामान बाहेर काढून जाळीत, स्त्रियांना उजेडात आणून तपासीत. परिणाम असा झाला की ज्या शेजाऱ्याने शेजाऱ्याच्या आजाराची खबर द्यावी अशी अपेक्षा होती, तोच रोगी लपविण्यास मदत करू लागला. मागच्या दाराने रोग्याला दुसऱ्या आळीत हलवायचे, तपासणी उलटली की परत आणायचे, अशी व्यवस्था बसली. शेजाराचा बंध जितका घट्ट तितका रोगी चांगला लपला जाई. २२ जून १८९७ च्या रात्री चापेकर बंधूंनी रँडवर गोळी झाडली. तो प्रसंग आपल्या राजकीय इतिहासात सर्वश्रुत आहे. आरोग्यव्यवस्थेच्या इतिहासात मात्र त्याची नोंद अद्याप पुरेशी घेतली गेलेली नाही.

त्याच पुण्यात त्याच महिन्यांत दुसरीही चित्रे दिसतात. सावित्रीबाई फुले यांचे पुत्र डॉ. यशवंत यांनी शहराबाहेर हडपसरच्या बाजूला माळावर दवाखाना उघडला होता. तेथे रोग्यांना आणण्यासाठी शिपाई लागत नव्हते. सावित्रीबाई स्वतः त्यांना आणीत, आणि मुंढव्याच्या एका प्लेगग्रस्त मुलाला पाठीवर घेऊन येताना त्यांना स्वतःला संसर्ग झाला. १० मार्च १८९७ रोजी त्यांचा मृत्यू झाला. लोकमान्य टिळकांनीही हिंदू समाजासाठी वेगळे प्लेग-रुग्णालय काढण्यात पुढाकार घेतला. पुढारी मंडळी शहर सोडून जात असताना ते पुण्यातच राहिले. सरकारी तपासणीवर कडक टीका करणारे टिळक विलगीकरणाला मात्र विरोध करीत नव्हते. रोग्याला वेगळे ठेवावे हे मान्य; तो कोणाच्या हाती सोपवावा हा वादाचा मुद्दा होता.

मुंबईतील अधिकाऱ्यांना हे हळूहळू उमगले. तरी ९ मार्च १८९८ रोजी मदनपुऱ्यातील विणकरांच्या वस्तीत एका आजारी मुलीच्या तपासणीवरून दंगल उसळली आणि माणसे मेली. तोवर पारशी, खोजा, हिंदू अशा निरनिराळ्या समाजांनी आपापली रुग्णालये काढली होती, आणि सरकारने त्यांना मान्यता दिली होती. अशा रुग्णालयात खाट तीच, औषध तेच आणि मरणही पुष्कळदा तेच. परंतु दाराशी उभा असलेला माणूस ओळखीचा असे, आणि तेवढ्याने लोक आपण होऊन येऊ लागले. जातिभेदाला खतपाणी घालणारी ही व्यवस्था आजच्या वाचकाला रुचणार नाही, आणि रुचूही नये. पण सक्तीने जे साधले नाही ते तिने काही अंशी साधले, हे नाकारता येत नाही.

लशीच्या बाबतीतही हेच झाले. डॉ. वाल्डेमार हाफकिन यांनी १० जानेवारी १८९७ रोजी मुंबईत आपली प्लेग-प्रतिबंधक लस प्रथम स्वतःला टोचून घेतली. शास्त्रज्ञाने स्वतःवर प्रयोग केला याचे शास्त्रज्ञांना कौतुक वाटले. पण चाळीतल्या माणसाला हाफकिन कोण हेच ठाऊक नव्हते. खोजा समाजात मात्र वेगळे घडले. त्यांचे धर्मप्रमुख तिसरे आगाखान त्या वेळी जेमतेम विशीचे होते. त्यांनी अनुयायांसमोर एकदा नव्हे, अनेकदा लस टोचून घेतली, आणि हाफकिन यांच्या प्रयोगशाळेसाठी आपला बंगलाही दिला. हजारो खोजांनी लस घेतली, ती जंतुशास्त्र समजल्यामुळे नव्हे.

विश्वास ज्या वाटेने येतो त्याच वाटेने अविश्वासही येतो. ३० ऑक्टोबर १९०२ रोजी पंजाबातील मुलकोवाल या गावी लस घेतलेल्यांपैकी एकोणीस माणसे धनुर्वाताने मरण पावली. एका बाटलीत झालेल्या दूषणाची ही घटना. पण त्या काळी रेल्वे व बाजार यांच्या मार्गाने ती वार्ता दूरवर गेली, आणि लस टोचण्याच्या मोहिमेला मोठा धक्का बसला. हाफकिन यांना कामावरून दूर करण्यात आले. १९०७ साली त्यांच्यावरील ठपका दूर झाला, तेव्हा ती बातमी मात्र गावोगाव पोचली नाही. दोषमुक्तीला असा वेग नसतो.

बंगळुरात प्लेग आला तो ऑगस्ट १८९८ मध्ये, हुबळीकडून येणाऱ्या रेल्वेमार्गाने. म्हैसूर संस्थानाने प्लेग आयुक्त म्हणून व्ही. पी. माधवराव यांना नेमले होते. पुढे त्रावणकोर, म्हैसूर व बडोदे या तिन्ही संस्थानांचे दिवाणपद भूषविणारे हे गृहस्थ कुंभकोणमचे, तंजावरच्या मराठी परंपरेतील. साथीपूर्वीच योजलेल्या बसवनगुडी व मल्लेश्वरम या मोकळ्या वसाहतींना या काळात वेग आला. जुन्या पेठेतील दाट गल्ल्यांतून लोकांनी बाहेर पडावे, हा हेतू. येथे आखणीकारांनी एक गोष्ट केली, तिची नोंद घेण्यासारखी आहे. मल्लेश्वरमचे भाग पाडताना ते निरनिराळ्या समाजांना वेगवेगळे नेमून दिले. माणूस घर सोडायला तयार होतो, शेजार सोडायला होत नाही, हे त्यांनी जाणले असावे. आणि बंगळुरात आजही प्लेगम्मा या देवीची मंदिरे आहेत. साथ ओसरली, देवी राहिली.

बातमी आणि वागणूक

सामाजिक बंधांचा अभ्यास करणाऱ्या शास्त्रात एक भेद महत्त्वाचा मानला जातो. अमेरिकन समाजशास्त्रज्ञ मार्क ग्रॅनोव्हेटर यांनी १९७३ साली एका निबंधात असे दाखविले की, नवी माहिती बहुधा घनिष्ठ मित्रांकडून न येता तोंडओळखीच्या माणसांकडून येते. कारण सोपे आहे. घनिष्ठ मित्रांना जे ठाऊक असते ते आपल्यालाही ठाऊक असतेच. दूरच्या ओळखीचा माणूस वेगळ्या वर्तुळात वावरतो. रोगाची बातमी अशा सैल धाग्यांवरून धावते. परंतु बातमी ऐकणे वेगळे आणि वागणूक बदलणे वेगळे. तोंड झाकून बाहेर पडणे, सख्ख्या भावाच्या लग्नाला न जाणे, यांत संकोच असतो, लोक काय म्हणतील ही भीती असते. ती एका माणसाच्या सांगण्याने जात नाही. आपल्या जवळची दोन-चार माणसे तसे करताना दिसावी लागतात. म्हणून आकाशवाणीवरून वा दूरध्वनीवरून दिलेली सूचना बातमी पोचवते, आणि वागणूक शेजारणीकडून येते.

या भेदाचा उपयोग करून पाहणारा एक प्रयोग कर्नाटकातच झाला. अर्थशास्त्रज्ञ अभिजित बॅनर्जी, अरुण चंद्रशेखर, एस्थर डुफ्लो व मॅथ्यू जॅक्सन यांनी राज्यातील २१३ खेड्यांत एक साधी सोडत जाहीर करविली. गावात ती बातमी पसरविण्याचे काम काही ठिकाणी कोणाही माणसाला, काही ठिकाणी गावच्या प्रतिष्ठितांना, आणि काही ठिकाणी अशा माणसांना दिले ज्यांच्याविषयी गावकऱ्यांनीच सांगितले होते की, यांच्या कानी पडले की गावभर होते. सर्वाधिक प्रतिसाद या तिसऱ्या प्रकारच्या खेड्यांतून आला; पाटील-पंच मागे पडले. पुढे हरियाणात बालकांच्या लसीकरणासाठी हीच पद्धत वापरली तेव्हा लस घेण्यास येणाऱ्या बालकांची संख्या वीस टक्क्यांहून अधिक वाढली. अशा माणसांची यादी कोणत्याही कचेरीत नसते. पण गावात विचारले की ती दोन मिनिटांत मिळते. आरोग्यखाती मात्र अजूनही सरपंचाच्या घरापासून सुरुवात करतात, हा एक सवयीचा भाग आहे.

दोन वस्त्या

१९ एप्रिल २०२० च्या संध्याकाळी बंगळूरच्या पादरायनपुरा भागात रुग्णांच्या संपर्कातील लोकांना विलगीकरणात नेण्यासाठी महापालिकेचे कर्मचारी गेले, तेव्हा जमावाने अडथळे मोडून तात्पुरता मांडव उद्ध्वस्त केला. अनेकांना अटक झाली. शंभरहून अधिक वर्षांनी जणू आर्थर रोडचीच पुनरावृत्ती झाली: अंधार पडताना आलेले अनोळखी लोक, ‘नेण्या’ची भाषा, परतीची खात्री नाही. हिंसेचे समर्थन होऊ शकत नाही. परंतु तिला केवळ अडाणीपणा म्हटल्याने पुढच्या वेळी काय करावे हे कळत नाही.

मुंबईत धारावीत १ एप्रिल २०२० रोजी पहिला रुग्ण आढळला. सुमारे अडीच चौरस किलोमीटरहूनही कमी जागेत साडेआठ लाखांवर माणसे. तेथे आगडोंब उसळेल असे सर्वांनी धरले होते. महापालिकेच्या जी-उत्तर विभागाने येथे एक शहाणपणाची गोष्ट केली. वस्तीत वर्षानुवर्षे दवाखाने चालविणाऱ्या खाजगी डॉक्टरांना संरक्षक वेश देऊन घरोघरी पाठविले. ताप-खोकल्यासाठी ज्याच्याकडे आजवर जात आलो, तोच दाराशी येऊन नाडी पाहतो म्हटल्यावर दार उघडले जाई. वस्तीतच शाळांतून व क्रीडासंकुलातून विलगीकरणाची सोय झाली. तेथे जेवण मिळे, रमजानच्या महिन्यात उपवास करणाऱ्यांची वेळ सांभाळली जाई. परत आलेले शेजारी कसे होते ते सांगत. जुलै २०२० मध्ये जागतिक आरोग्य संघटनेच्या महासंचालकांनी धारावीचा उल्लेख अनुकरणीय म्हणून केला. तपासण्या, शौचालयांची सफाई, अन्नवाटप या सर्वांचा त्या यशात वाटा होता. एकट्या डॉक्टरांना श्रेय देणे योग्य होणार नाही. तरी उघडलेल्या दाराशिवाय बाकी काही चालले नसते.

बंगळूर महापालिकेनेही जुलै २०२० मध्ये मतदानकेंद्रांच्या हद्दीप्रमाणे स्थानिक स्वयंसेवकांच्या समित्या नेमण्याचे ठरविले. कोरमंगलातील बंदिस्त क्रीडागृहात सौम्य लक्षणांच्या रुग्णांसाठी केंद्र उभारण्यात आले, आणि निवासी संकुलांना आपल्या आवारातच विलगीकरण कक्ष करण्याची मुभा मिळाली. प्लेगकाळातील समाजवार रुग्णालयांशी या कक्षांचे साम्य नजरेत भरण्यासारखे आहे. फक्त जातीच्या जागी आता मालमत्ता आली होती. फाटकाच्या आतल्यांसाठी हा बंध आश्वासक होता. बाहेर उभ्या असलेल्या मोलकरणीच्या बाबतीत तोच बंध भिंत झाला.

घट्ट शेजार नेहमीच आरोग्याच्या बाजूने असतो असेही नाही. फेब्रुवारी २०२१ मध्ये बंगळूरच्या दक्षिण भागातील एका मोठ्या संकुलात रहिवाशांनी एकत्र येऊन समारंभ साजरा केला, आणि त्यानंतर तेथे शंभरावर लोक बाधित आढळले. हे लोक अशिक्षित नव्हते, माहितीवंचित तर नव्हतेच. नेमक्या त्या संध्याकाळी त्यांच्या जवळच्या कोणीही तोंड झाकलेले नव्हते, एवढेच. रोगाला आपल्या माणसांची भीती वाटत नसल्यामुळे आपल्याला आपल्या माणसांकडून रोगाची भीती वाटत नाही.

ज्यांना शहरात शेजारच नाही, त्यांची गोष्ट आणखी वेगळी. २०२० च्या उन्हाळ्यात बंगळूरच्या बांधकामांवरील परप्रांतीय मजूर चालत निघाले. मे महिन्याच्या पहिल्या आठवड्यात त्यांच्यासाठीच्या रेल्वेगाड्या राज्य शासनाने रद्द केल्या आणि टीका झाल्यावर पुन्हा सुरू केल्या. घरात राहा, हा नियम त्यांनी मोडला असे म्हणावे तर त्यांचे घर शेकडो मैलांवर होते. १८९७ सालीही मुंबईतील गिरणी-कामगार असेच कोकणात व घाटावर गेले होते. फेब्रुवारीपर्यंत शहराची निम्म्याच्या आसपास वस्ती रिकामी झाली, आणि प्लेग त्यांच्याबरोबर बोचक्यांतून गावी पोचला. गावी मात्र एक जुनी रीत होती. घरात उंदीर मरून पडू लागले की गाव सोडून माळावर झोपड्या घालायच्या. ती कोणत्याही समितीने शिकविलेली नव्हती. सगळी आळी एकदम निघे, म्हणून मागे राहणाऱ्याला लाज वाटे.

कोकणातील गावांनी २०२० साली या रीतीची आठवण करून दिली. मुंबईहून परतणाऱ्या चाकरमान्याला आधी गावच्या शाळेत किंवा वेगळ्या ठेवलेल्या घरात राहावे लागे. ऑगस्टमध्ये गणपतीसाठी येणाऱ्यांना शासनाने दहा दिवसांचे विलगीकरण ठरवून दिले. काही गावांना ते कमी वाटून त्यांनी स्वतःचे दिवस वाढविले, आणि त्यावरून वादही झाले. शाळेच्या फाटकावर बसलेला स्वयंसेवक बहुधा चुलतभाऊ किंवा वाडीतलाच कोणी असे. घरून आलेला डबा तो पायरीवर ठेवी, दोन पावले मागे सरे, आणि आतल्याने तो उचलला की मुंबईच्या बातम्या विचारी.